दुखवट्याची मुदत

मंगळवारी दुपारी मी हसले आणि बुधवारी सकाळी मोजणी केंद्रातून फोन आला.

"मॅडम, काल दुपारी तुमचा आलेख एकदम खाली आला होता," केंद्रातले गुरव म्हणाले. माणूस सज्जन आहे, उगाच दोष देण्यात अर्थ नाही. "सगळं ठीक ना? टिकली सैल झाली होती का?"

"टिकली जागेवर आहे. मी हसले."

मग ते हळूच म्हणाले, "बरं. तसं लिहितो."

हसण्यासारखं खरं तर काही नव्हतं. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना गॅलरीत वाळत घातलेल्या गोधड्यांचा राग आहे. ते खाली उभे राहून कर्ण्यावरून भाषण करतात. केतकीनं, माझ्या मुलीनं, स्वयंपाकघरात पळी तोंडापुढं धरून ते भाषण जसंच्या तसं म्हणून दाखवलं, शेवटच्या खोकल्यासकट. मी हातातलं पीठ तसंच ठेवून ओट्याला टेकून हसले. पोट दुखेपर्यंत हसले. हसता हसता पिठाचा हात कानामागं गेला, तिथली चकती लागली आणि हसू विझलं. केतकीनं पळी खाली ठेवली आणि काही न बोलता भांडी घासायला घेतली.

माझा मुलगा निषाद गेला त्याला आता चौथं वर्ष चालू आहे. पहाटे कृष्णेत होडी वल्हवायचा सराव करून तो सायकलवरून घरी येत होता. बायपासच्या पुलावर अभिराम शेडगेच्या गाडीनं त्याला उडवलं. निषाद एकवीस वर्षांचा होता, अभिराम सव्वीसचा. वडिलांचं फर्निचरचं दुकान सांभाळायचा.

आता गाड्या स्वतःच चालतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वेग वाढला की गाडी आपण होऊन आवरते, सायकल दिसली की बाजूला होते. हे सगळं बंद करता येतं, पण गाडी आधी तीनदा विचारते: धोका आहे, जीव जाऊ शकतो, तरी बंद करू का? अभिराम मित्राशी शर्यत लावून निघाला होता. त्यानं तिन्ही वेळा 'हो' म्हटलं. गाडीनं ते साठवून ठेवलं होतं. त्यामुळं कोर्टात 'चूक झाली, नजर हटली' असलं काही त्याला म्हणता आलं नाही.

असं असूनही जुन्या कायद्यात त्याला दोन-चार वर्षं झाली असती. त्यातली निम्मी जामिनात गेली असती. माझा थोरला भाऊ अण्णा मिरजेच्या शाळेत पीटीचा मास्तर होता. त्यानं शिट्टी काढली आणि मोर्चे सुरू केले. मी पुढं, तो शिट्टी वाजवत बाजूनं, मागं आमच्यासारखी शंभर घरं. 'जीव घेतलात, शिक्षा भोगा!' माझा घसा बसायचा, तरी मी ओरडायचे. सरकारदरबारी घोळत पडलेला नवा कायदा त्याच वर्षी आला, चालू खटल्यांनाही लागू झाला, तेव्हा आम्ही पेढे वाटले नाहीत एवढंच, पण वाटावेसे वाटले होते.

सहवेदना कायदा म्हणतात त्याला. त्यातलं शास्त्र अवघड नाही. मी हळदीच्या प्रयोगशाळेत नमुने तपासते, मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल. माणसाला शोक होतो तेव्हा मेंदूच्या ठरावीक भागांत विजेची ठरावीक नक्षी उमटते. रागाची वेगळी, भीतीची वेगळी, दातदुखीची वेगळी. पूर्वी ती बघायला माणसाला मोठ्या नळीत निजवावं लागायचं. आता कानामागं एक चकती चिकटवली की ती दिवसभर नक्षी वाचत राहते. लोक तिला टिकलीच म्हणतात.

दुसरी टिकली गुन्हेगाराच्या कानामागं असते आणि ती उलटं काम करते. माझ्या डोक्यात जेवढा शोक उमटेल तेवढाच त्याच क्षणी त्याच्या डोक्यात उमटवते. माझ्या आठवणी त्याला दिसत नाहीत, निषादचा चेहराही नाही. त्याला कळतं ते फक्त ओझं. तो तुरुंगात नसतो. घरी असतो, दुकानात जातो, आणि हिशेब लिहिता लिहिता अचानक त्याच्या छातीवर माझा मुलगा गेल्याचा दगड येऊन बसतो.

आणि शिक्षा कधी संपते? माझा शोक सलग तीन महिने ठरावीक रेषेच्या खाली राहिला की. कायदा करणाऱ्यांना वाटलं, यापेक्षा न्याय्य काय असणार? ज्याचं गेलं त्याच्याच दुःखानं शिक्षा मोजायची. मलाही तसंच वाटलं होतं.

बुधवारी संध्याकाळी अण्णा आला. चपला काढतानाच म्हणाला, "काल दुपारी काय झालं गं?"

नातेवाईक म्हणून आलेख त्याच्याही फोनवर दिसतो. मोर्च्यातल्या घरांची आता समिती आहे, तिचा तो अध्यक्ष आहे. काही लोक अजून म्हणतात की घरी बसून कसली शिक्षा, मौजच आहे. अण्णा त्यांना सभेत माझा आलेख दाखवतो. चौथं वर्ष लागलं तरी रेषेच्या वर. राज्यात एवढा टिकलेला दुसरा नाही. लोक वळून माझ्याकडं बघतात आणि मी मान खाली घालते.

"हसले," मी म्हटलं.

"हसायला ना नाही," अण्णा म्हणाला. "पण तृप्ती, पुढच्या महिन्यात फेरतपासणी आहे. तू हसलीस की तो तिकडं मोकळा श्वास घेतो, एवढं ध्यानात ठेव."

केतकी चहा ठेवायला आली होती. कप जरा जोरातच आदळला.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून परतताना बसथांब्यावर एक बाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. कॉटनची साडी, हातात कापडी पिशवी. मी ओळखलं. अभिरामची आई, सुलभा शेडगे. कायद्यानं त्यांना मला भेटायला बंदी आहे.

"ओरडू नका," त्या म्हणाल्या. "मी काही मागायला आले नाही. परवा दुपारी तुम्ही हसलात का हो?"

मी रस्त्याकडं तोंड फिरवलं.

"अभिराम जेवत होता. दोन घास खाऊन उठतो रोज. परवा त्यानं भाकरी मागून घेतली. अर्धी नाही, अख्खी. मी म्हटलं, बाई हसल्या असणार." त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. "तुम्हाला हसवायला आम्ही काही करायचं बाकी ठेवलं नाही. तुमच्या बागेतला हास्यक्लब आमच्या ह्यांनीच काढला. गणपतीतलं विनोदी नाटक, तेही. तुम्ही दोन्हीकडं फिरकला नाहीत. म्हणून विचारते, कशाला हसलात तेवढं सांगा."

माझ्या अंगाची लाही झाली. तीन-साडेतीन वर्षांत एकदा हसले होते आणि त्यावर त्या पोरानं भाकरी खाल्ली! मी ताडकन उठले. "तुमच्या मुलानं तीन वेळा हो म्हटलं," मी ओरडले. "तीन वेळा! त्याला जन्मभर एक घास गोड लागू नये!"

त्या खाली बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही चिडलात की त्याला बरं वाटतं. सांगू नये, पण तसंच आहे."

खोटं नव्हतं ते. रागाची नक्षी वेगळी, रागात शोक दबतो. गुरवांनी मला पहिल्याच वर्षी बजावलं होतं. म्हणजे मला हसायची सोय नाही आणि त्याच्यावर चिडायचीही नाही. मी तशीच पुन्हा बाकावर बसले. बस आली, गेली. आम्ही दोघी एकमेकींकडं न बघता बसून राहिलो.

माझ्या नवऱ्याच्या वेळी असं नव्हतं. पोरं लहान असताना ते आजारानं गेले. मला वाटलं होतं की आता आपण उठत नाही. पण तेराव्याला अण्णा दुखवट्याची साडी घेऊन आला. ती मला नेसायला लावली, श्रीखंडाचा घास भरवला आणि म्हणाला, "आता पोरांकडं बघ." दुखवटा आपला आपण काढता येत नाही. बाहेरच्यानं, माहेरच्यानं येऊन काढावा लागतो. दुसऱ्या दिवशी मी पोरांच्या वेण्या-दप्तरांना लागले. रडू येतच होतं, पण रडून झालं की संपायचं.

निषादच्या तेराव्यालाही अण्णा साडी घेऊन निघाला होता. वकिलानं त्याला जिन्यातच गाठलं. नवा कायदा येऊ घातलाय, त्यासाठी पंधराव्या दिवशी मूळ पातळीची मोजणी करून ठेवायची आहे, तोवर दुखवटा काढू नका म्हणाला. आलेख जितका उंच लागेल तितकं बरं. अण्णानं साडी परत नेली. मोजणीनंतर खटला होता, खटल्यानंतर फेरतपासणी, मग पुढची फेरतपासणी. साडी काही आली नाही.

फेरतपासणी जवळ आली की मी उजळणी करते. हा माझा शब्द, कायद्यात नाही. निषादच्या खोलीत जायचं, दार लावायचं, त्याचं होडीचं जाकीट मांडीवर घ्यायचं आणि त्याचा शेवटचा निरोप फोनवर लावायचा. "आई, निघालोय. दोडका केला असशील तर आत्ताच सांग, मी बाहेरच खाऊन येतो." पहिल्या वर्षी तो आवाज ऐकला की माझा श्वास अडकायचा. रडता रडताही एक मन तिकडं असायचं: पोचलं का त्याला? बसला का दगड?

त्या रविवारी मी निरोप लावला. संपला. परत लावला. पाचव्या-सहाव्या वेळेला माझ्या लक्षात आलं की मी पंख्याकडं बघतेय आणि पाती पुसायला झालीत असा विचार करतेय.

दार उघडून केतकी आत आली. तिनं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"आई, बास कर. तू दादाला आठवत नाहीस. तू त्याला वापरतेस."

मी तिला एक मुस्काटात मारणार होते. हात उचललाच नाही.

"मला विशाखापट्टणमला प्रवेश मिळालाय. समुद्रशास्त्राला," ती म्हणाली. "दोन आठवडे झाले. सांगितलं नाही, कारण तू खूश होशील, आणि मग मामा विचारेल काय झालं म्हणून. या घरात कुणी खूश झालं की चौकशी होते गं." ती रडायला लागली. "मला दादा हवाय. पण मला तू पण हवीयेस."

प्रयोगशाळेत हळद तपासायची तर नमुना जाळावा लागतो. तपासलेली चिमूट परत पोत्यात जात नाही. मी माझ्या मुलाची एकेक चिमूट काढून जाळत होते आणि पोतं रिकामं होत आलं होतं. हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी एवढी घाबरले की पुलावरून फोन आला तेव्हाही तेवढी नव्हते घाबरले.

फेरतपासणीला मी न्यायाधीशांसमोर सरळच बोलले. त्या माझ्याच वयाच्या असतील. मी म्हटलं, "ही टिकली मला नको. पण तो सुटायलाही नको. त्याला तुरुंगात घाला."

"टिकली काढलीत तर त्याची शिक्षा तिथंच संपेल," त्या म्हणाल्या. "या गुन्ह्याला आता दुसरी शिक्षा कायद्यात नाही. तुरुंग होता, पण तो पुरेसा नाही असं आपणच सांगत होतात ना? तुमचं भाषण मी ऐकलंय."

"पुरेसा नव्हताच. हेही पुरेसं नाही. काहीच पुरेसं होणार नाही, बाई. म्हणून म्हणते, कुलूप सरकारनं लावावं. किल्ली माझ्या गळ्यात का? तो घरी अडकलाय आणि मी पहाऱ्याला बसलेय. पहारेकऱ्यालाही सुट्टी असते."

त्यांनी चष्मा काढला, पुसला. त्यांना पटलं असावं. पण पटून काय उपयोग? त्या म्हणाल्या, "मला पुढची तारीख देण्यापलीकडं काही करता येत नाही."

बाहेर अण्णा व्हरांड्यात उभा होता. मी टिकली उपटून फेकणार नाही, एवढं मला कळत होतं. निषादच्या रक्तासाठी काहीतरी त्या पोरानं भोगलंच पाहिजे, हे अजूनही माझ्या आतून जात नव्हतं. पण उजळणी बंद. जेवढं येईल तेवढं त्याला जाईल, नाही आलं तर नाही. मी अण्णाला हे सांगितलं आणि म्हटलं, "दुखवटा काढायचा राहिलाय. साडी घेऊन ये."

"डोकं फिरलंय का तुझं? तीन महिन्यांत सुटेल तो!"

"मग सुटेल."

"समितीला काय तोंड दाखवू?"

"माझं दाखवत होतास, आता तुझं दाखव."

तो महिनाभर आला नाही, दुसऱ्या महिन्यातही नाही. आलेख खाली खाली जात राहिला. समितीतल्या बायका बाजारात मला टाळायला लागल्या. केतकीनं बॅगा काढल्या. कधी कधी आम्ही हसायचो, पण चोरून, हळू आवाजात. आणि मला रात्रंदिवस वेगळीच धास्ती होती: मी त्याचा निरोपही लावत नव्हते, जाकिटाला हात लावत नव्हते, तरी काही परत येत नव्हतं. निषाद म्हटलं की डोळ्यांपुढं आलेख यायचा. मुदत संपायला थोडे दिवस उरले. अभिराम शेडगे सुटणार होता आणि माझ्याकडं माझा मुलगा उरला नव्हता. याहून वाईट माझं काय व्हायचं होतं?

केतकी जायच्या आदल्या दिवशी मी अण्णाला फोन केला. "उद्या पोरगी जाणार. दुखवट्याच्या घरातून तिला पाठवणार नाही मी. तू साडी आणणार नसशील तर शेडगेबाई आणतील. त्या एका पायावर तयार आहेत."

"कोण?" अण्णा गरजला. "त्या घरची साडी? माझ्या बहिणीच्या अंगावर? मी काय मेलोय?"

तासाभरात तो दारात होता. एका हातात श्रीखंडाचा डबा, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं. माझ्याकडं न बघता त्यानं पुडकं माझ्या मांडीवर ठेवलं. वर्तमानपत्र पिवळं पडलं होतं. आत जांभळी साडी होती, बारीक काठाची, दुकानातून निघाली त्या दिवसाइतकी कोरी.

"तीच आहे," अण्णा म्हणाला. "तेराव्याची. खरं म्हणजे त्या आधी भाऊबीजेसाठी घेऊन ठेवलेली. मला कुठं रंग कळतात? निषादला बरोबर नेलं होतं." त्यानं साडीचा काठ सरळ केला. "मी पिवळी काढली होती. तर म्हणाला, मामा, आईला पिवळी नको. दिवसभर तिच्या अंगाला हळदच असते. एखादा दिवस तरी दुसऱ्या रंगाची दिसू दे."

हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

मी ते परत मनात म्हटलं आणि तो आलाच. आवाज, मान वाकडी करून बोलायची सवय, दुकानातल्या गादीवर एक पाय दुमडून बसलेला, मामाला शिकवणारा. माझ्या नखांतली हळद त्याला दिसत होती. मला कधी बोलला नाही तो. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मला ओळखू आला नाही. मी साडीत तोंड घातलं आणि रडले, पहिल्या दिवशी रडले नव्हते तशी. केतकी मला येऊन बिलगली. ती पण रडत होती.

अण्णाच्या खिशात फोन वाजला. आलेख रेषेच्या वर गेला की तो असा वाजतो. अण्णानं सवयीनं हात घातला, फोन काढला, त्याच्याकडं बघितलं आणि पालथा घालून ठेवला. मग तो माझा दणकट भाऊ, शंभर घरांचा अध्यक्ष, भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. इतक्या वर्षांत मी त्याला निषादसाठी रडताना पाहिलं नव्हतं. त्याला वेळच कुठं होता?

श्रीखंड बाहेर राहून पातळ झालं. मी साडी नेसले. अण्णानं पहिला घास मला भरवला, दुसरा केतकीला. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"मॅडम, गुरव बोलतोय," ते घाईघाईनं म्हणाले. "आलेख फार वर गेलाय. पहिल्या मोजणीपेक्षाही वर. इतकी वर्षं झाल्यावर असं होत नाही हो. शेडगेंकडूनही फोन आलाय, मुलगा जेवता जेवता पडला म्हणे. तुमच्याकडं सगळं ठीक ना? काय झालं?"

शेडगे. मी दचकले. इतका वेळ रडले आणि पोचलं का त्याला, हा विचार एकदाही मनात आला नव्हता. तो तिकडं आहे हेच मी विसरले होते.

"माझा मुलगा गेला," मी म्हटलं.

गुरव अगदी हळू, चुकल्यासारखे म्हणाले, "मग मॅडम, मुदत... नियमानं तीन महिने आजपासून परत मोजावे लागतील. दोघांचेही."

मी खाली बघितलं. जांभळ्या पदरावर श्रीखंडाचा थेंब सांडला होता. केतकी ओल्या बोटानं तो पुसत होती.

"मोजा," मी म्हटलं.